मेणबत्तीची बरणी कितीही धुतली तरी तुपकट राहते, त्यावर उपाय

सेंटेड मेणबत्त्यांच्या त्या जाड काचेच्या बरण्या संपल्यावर टाकवत नाहीत, आणि ठेवाव्या तर आतलं मेण काही केल्या सुटत नाही, हे गाऱ्हाणं इतक्या जणांकडून ऐकलंय की आता एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. प्रत्येकाचं म्हणणं साधारण सारखंच असतं, ताई गरम पाणी घातलं, मेण वितळलं, ओतून दिलं, साबणाने घासली, ओली होती तोवर लख्ख दिसत होती आणि वाळल्यावर बघतो तर आतून परत पांढुरका थर, बोट फिरवलं की तुपकट. मग परत गरम पाणी, परत साबण, परत तेच. शेवटी कंटाळून बरणी कचऱ्यात जाते, आणि आमच्यासारख्या छोट्या गावात काचेचा कचरा घ्यायला रोज कोणी येत नाही, तो वाडीच्या कडेला पडून राहतो आणि पावसात गवत वाढलं की कोणाच्या तरी पायात जातो. त्यामुळे मला हा विषय खरंच महत्त्वाचा वाटतो.

आमचं गुहागरच्या बाजूला घरगुती होमस्टे आहे. पाहुणे अशा बरण्या खोलीत सोडून जातात, शिवाय आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, खरेदीत मेणबत्त्या आमच्याकडे येतातच, कारण जून-जुलैत वारा सुटला आणि माडाची झावळ तारेवर पडली की लाईट कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. म्हणजे बरण्यांचा तुटवडा नाही.

मूळ गडबड पाण्याची आहे. मेण पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा हलकं असतं, पॅराफिनची घनता साधारण ०.९ धरा, म्हणजे गरम पाणी ओतलं की वितळलेलं मेण वर येऊन तरंगतं. इथपर्यंत बरोबर. पण मग आपण बरणी तिरकी करून पाणी ओततो, पाण्याची पातळी जसजशी खाली जाते तसतसं ते वरचं मेण काचेला घासत खाली येतं आणि काचेला लागताच थिजतं. जिथे आधी मेणाचा मागमूस नव्हता तिथेही पातळ थर बसतो. म्हणजे तळातलं मेण काढून आपणच ते चारी बाजूंना लावलेलं असतं. काच ओली असताना हा थर डोळ्याला दिसत नाही, वाळली की दिसतो, म्हणून वाटतं की धुतल्यावर परत आला. तो परत आलेला नसतो, गेलेलाच नसतो.

म्हणून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगते, मेण कोरडंच बाहेर काढायचं, थर कोरडाच पुसायचा, पाणी आणि साबण अगदी शेवटी.

आता आधी मेण कुठलं आहे ते बघा, कारण सगळ्या मेणांना एकच उपाय लावला की तिथेच निम्म्या लोकांचं फसतं. बाजारात स्वस्तातली जी मिळतात ती बहुतेक पॅराफिनची, हे कडक असतं, नखाने खरवडलं तर पापुद्रे निघतात आणि ५० ते ६० अंशांच्या आसपास वितळतं. सोया मेण म्हणजे सोयाबीनचं तेल घट्ट केलेलं, ते मऊ, दुधाळ, नख लावलं की खोलगट खूण उठते आणि साधारण ५० अंशांच्या आत-बाहेर वितळतं. खोबरेल मिसळलेलं मेण त्याहून मऊ, मे महिन्यात आमच्या हवेत ते नुसतं ठेवूनही वरून ओलसर दिसतं. मधमाशीचं मेण पिवळट, मधाचा वास, वितळायला ६२ ते ६४ अंश लागतात, चिकटही सगळ्यात जास्त. आणि किनाऱ्यावरच्या गिफ्टच्या दुकानातून मिळतात त्या पारदर्शक मेणबत्त्या, आत वाळू आणि शिंपले घातलेल्या, ते खरं तर मेणच नाही, ते मिनरल ऑइल घट्ट करून केलेलं जेल असतं आणि त्याची वागणूक पूर्ण वेगळी. डब्यावर लिहिलेलं असतं ते वाचा, नसेल लिहिलं तर नख लावून बघा, तेवढं पुरतं.

फ्रीझरची युक्ती बहुतेकांनी ऐकलेली असते. मेण थंड झालं की काचेपेक्षा जास्त आकसतं, बाजू सोडतं आणि आख्खी वडी बाहेर पडते. पॅराफिनला आणि सरळ बाजूच्या ग्लाससारख्या बरणीला हे छान लागू पडतं. पण "रात्रभर ठेवली तरी सुटलं नाही" असं कोणी सांगितलं की मी पहिलं विचारते, लाईट गेली होती का? कारण इकडे पावसाळ्यात रात्रीतून लाईट दोनदा गेली, त्यात व्होल्टेज कमी, की सिंगल डोअर फ्रिजचा बर्फाचा कप्पा नावालाच थंड असतो, मेण नुसतं गार होतं, आकसत नाही. बर्फाच्या ट्रेमधला बर्फ टणक झालाय का बघा, तो झाला नसेल तर मेणही सुटणार नाही.

दुसरं, बरणीचं तोंड. खांद्याशी अरुंद झालेली बरणी असेल तर वडी सुटली तरी बाहेर येणार कुठून. अशा वेळी फ्रीझरमध्ये ठेवायच्या आधीच बोथट सुरीने मेणावर आडव्या-उभ्या खोल चिरा द्या, वातीपर्यंत, मग गोठल्यावर एका बाजूला दाबलं की दुसरी बाजू उचलली जाते आणि तुकडे निघतात. टोकदार सुरीने काचेवर जोर लावायचा नाही, थंड काच ठिसूळ नसली तरी ओरखडा पडला की तिथूनच पुढे कधीतरी तडकते. तिसरं म्हणजे आमच्या फ्रीझरात बांगडे नाहीतर सुरमई असतेच, बरणी उघडी ठेवली की बरणीला माशाचा वास आणि माशाला लॅव्हेंडरचा, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधूनच ठेवा. आणि बाहेर काढल्यावर दमट हवेत काचेला आतबाहेर लगेच पाणी सुटतं, तुकडे काढून झाले की ते आधी पुसून घ्या आणि बरणी तशीच घरातल्या हवेवर येऊ द्या. फ्रीझरमधली बरणी थेट गरम पाण्यात घातली की साधी काच तडकलीच म्हणून समजा, मेणबत्तीच्या बरण्या काही लॅबमधल्या, उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेच्या नसतात.

सोया आणि खोबरेलवालं मेण फ्रीझरमध्ये असं कडकडीत सुटत नाही, काचेला धरून राहतं. त्यासाठी उलट ऊब वापरायची. एप्रिल-मे मध्ये तर गॅसचीही गरज नाही, अंगणात पत्र्यावर भर दुपारी बरणी ठेवून दिली की तासा-दोन तासात मेण इतकं मऊ पडतं की चमच्याने निघतं. पावसाळ्यात मात्र टोपच चढवावा लागतो.

टोपातली पद्धत जरा सविस्तर सांगते कारण ती सगळ्या खऱ्या मेणांना चालते, मधमाशीच्या सुद्धा. रोजच्या वापरातला टोप घेऊ नका, एक जुना या कामाला बाजूला काढा. तळाला जुनं सुती फडकं घडी करून घाला म्हणजे बरणी थेट तापल्या भांड्यावर बसत नाही. बरणीत आधी जितकं मेण चमच्याने निघेल तितकं काढून घ्या, वितळवायला कमी राहिलं की काम निम्मं होतं. मग बरण्या ठेवा आणि साधं पाणी घाला, गरम नाही, बरणीतल्या मेणाच्या जरा वरपर्यंत. पाणी आणि बरणी दोन्ही बरोबर तापली पाहिजेत. जास्त पाणी घातलं तर बरणी तरंगून कलंडते आणि पाणी आत जातं, मग सगळाच खटाटोप वाया. गॅस बारीक, आणि टोपाच्या तळाशी बारीक बुडबुडे धरायला लागले की अजून कमी करायचा, खळखळ उकळी आणायचीच नाही. तेवढ्यात मेण वितळतं. मधमाशीच्या मेणाला थोडा धीर धरावा लागतो.

मग कापडाने किंवा सांडशीने बरणी उचलायची आणि मेण करवंटीत ओतायचं. करवंट्या आमच्याकडे पडलेल्याच असतात, बाकी कोणी जुना पत्र्याचा डबा घ्या. पण आता सगळ्यात महत्त्वाचं, ओतून झालं की बरणी खाली ठेवायची नाही. गरम आहे तोवरच, म्हणजे लगेच, वर्तमानपत्राचा चुरगळलेला बोळा आत घालून फिरवायचा. पहिला बोळा मेण पिऊन तेलकट होतो, तो टाका, दुसरा घ्या, मग तिसरा. बोळ्यावर डाग येईनासा झाला की थांबा. बरणी मधेच गार झाली तर परत टोपात दोन मिनिटं. हे एवढं केलं की साबणाला काम फारसं उरत नाही. बहुतेक सगळे नेमकं हेच वगळतात, ओततात आणि सरळ नळाखाली धरतात.

ज्यांच्याकडे ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, आहे त्यांनी ट्रेवर फॉइल अंथरून, त्यावर बरण्या पालथ्या घालून ८०-९० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवल्या तरी मेण खाली गळतं, एका वेळी बऱ्याच बरण्या होतात. मायक्रोवेव्हमध्ये मात्र नको. मेण त्यात धड तापत नाही आणि तळाला वातीची जी धातूची चकती असते तिच्यामुळे ठिणग्या उडतात.

थेट गॅसवर बरणी किंवा मेणाचं भांडं ठेवणं तर अजिबातच नको. पॅराफिन २०० अंशांच्या आसपास गेलं की त्याची वाफ पेट घेऊ शकते. कधी भांड्यातल्या मेणाने पेट घेतलाच तर गॅस बंद करायचा, वरून झाकण घालायचं, आणि काही झालं तरी पाणी टाकायचं नाही, पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण अंगावर उडतं. स्वयंपाकघरात मुलं असतील तर हे काम दुपारी, ती शाळेत असताना करा.

जेलवाल्या बरणीला यातलं काहीच करू नका. ते गोठून ठिसूळ होत नाही आणि टोपातल्या ऊबेला नीट वितळतही नाही. चमच्याने सरळ काढा, रबरासारखं गोळा होऊन येतं, शिंपले बाजूला ठेवा, उरलेलं कागदाने पुसा. त्यात तेलच असल्यामुळे भांड्यांच्या साबणाने बरणी पटकन स्वच्छ होते, सगळ्यात सोपं काम हेच.

वातीची चकती गरम गोंदाने किंवा दुहेरी टेपने चिकटवलेली असते. मेण वितळलेलं असताना चिमट्याने ओढली तर बऱ्याचदा वातीबरोबरच येते. नाही आली तर कोरड्या बरणीत चकती बुडेल इतकं कोमट तेल घालून ठेवा, रात्रीत सुटते. सुरी खाली सारून उचकटायला जाऊ नका, तळ तिथेच चिरतो.

आता तो पांढुरका थर. इतकं करूनही काहींची बरणी वाळल्यावर धूसर दिसते, तेव्हा हा थर मेणाचाच आहे का ते आधी तपासा. आत थोडं पाणी शिंपडा. पाणी काचेवर सपाट पसरलं तर मेण नाही. अळवाच्या पानावर राहतं तसं थेंब-थेंब होऊन घरंगळलं तर मेण आहे. मेण असेल तर बरणी परत कोमट करा, कागदावर चार थेंब खोबरेल तेल घ्या आणि आतून सगळीकडे फिरवा, पॅराफिन तेलात मिसळतं आणि तेल साबणाने जातं, त्यामुळे तेलाचा हात फिरवून मग साबण लावला की थर निघतो. नुसता साबण पॅराफिनला पुरत नाही. सोया मेण मुळात तेलातूनच बनलेलं असल्यामुळे त्याला गरम पाणी, साबण आणि चिमूटभर धुण्याचा सोडा पुरतो, तो पॅराफिनवर काहीच करत नाही. म्हणजे एकीची बरणी सोड्याने चकचकीत झाली आणि दुसरीची तशीच राहिली तर दोघींचं मेण वेगळं होतं एवढंच, कोणी कमी घासलं असं नाही. बरेच जण सॅनिटायझर किंवा स्पिरिट वापरतात, त्याने वास आणि लेबलचा गोंद जरा कमी होतो पण मेण स्पिरिटमध्ये विरघळत नाही, तेव्हा पहिल्याच झटक्यात स्पिरिट ओतून फुकट घालवू नका. रॉकेलने मेण जातं हे खरं, पण त्याचा वास पुढे कित्येक दिवस जात नाही आणि चुलीजवळ ते हाताळणं धोक्याचं.

पाणी सपाट पसरतंय आणि तरीही वाळल्यावर पांढरं दिसतंय, तर ते तुमच्या पाण्याचे क्षार आहेत. किनाऱ्याजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळपणा येतो, ते पाणी काचेवर वाळलं की पांढरे ठिपके उठतात. बरणी व्हिनेगरने किंवा लिंबाच्या फोडीने पुसा, गोड्या पाण्याने विसळा आणि लगेच कोरड्या कापडाने पुसून घ्या, वाळत ठेवू नका. ठिपके गेले तर प्रश्न मिटला. आणि व्हिनेगरनेही नाही गेलं, तेलानेही नाही, तर काच घासून घासून खरखरीत झालेली असणार, तारेच्या घासणीचे बारीक ओरखडे असतात ते. ते जात नाहीत. अशी बरणी वापरायला चालते, दिसायला धूसर राहते इतकंच.

तोंडाशी जी काळी काजळी धरते तिला आमच्याकडे जुना इलाज आहे, पूर्वी संध्याकाळी कंदिलाच्या काचा राखेने पुसायच्या तोच. चुलीतली राख वस्त्रगाळ करून घ्यायची, खडा राहता कामा नये, आणि ओलसर कापडावर घेऊन हलक्या हाताने फिरवायची. राखेत क्षार असतात, ते तेलकट काजळी सोडवतात. चूल नसेल त्यांनी खाण्याचा सोडा घ्या. घासायला नारळाच्या सोडणाचा मऊ काथ्या चांगला, हिरव्या प्लॅस्टिकच्या घासणीपेक्षा कितीतरी बरा.

लेबल काढायचं असेल तर बरणी टोपातून गरम बाहेर आलेली असताना एका कोपऱ्यातून सावकाश ओढा, गोंद तेव्हा मऊ असतो. उरलेल्या चिकटपणाला खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा कालवून लावा, पंधरा मिनिटांनी बोटाने चोळलं की गोळ्या होऊन निघतो.

वास राहिला म्हणून बऱ्याच जणी काच परत परत धुतात. काच वास धरत नाही हो. वास झाकणात असतो, झाकणाच्या आत जी रबराची किंवा सिलिकॉनची रिंग असते तिच्यात. ती रिंग नखाने काढा, साबणाने वेगळी धुवा आणि चांगलं ऊन दाखवा. लाकडी झाकण असेल तर त्यातला वास पूर्ण जाईल अशी आशा ठेवू नका. आणि पत्र्याचं झाकण, त्याबद्दल आमच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, धुतल्यावर आटा ओला राहिला की एका पावसाळ्यात गंजतं आणि मग फिरतच नाही. झाकण पुसून, पूर्ण वाळवून, आट्याला तेलाचं बोट लावून ठेवा.

चिनीमातीच्या आणि करवंटीच्या मेणबत्त्यांची गोष्ट निराळी. चिनीमातीवर झिलईला बारीक तडे असतील तर त्यात मेण आणि सुगंधी तेल मुरतं. करवंटी तर सच्छिद्रच. ही भांडी धुऊन दुसऱ्या कामाला आणायच्या भानगडीत पडू नका, जुनं मेण खरवडा आणि त्यात नवीन मेण ओता, ती मेणबत्तीलाच राहू द्या.

बरणी स्वच्छ झाली की पुढे काय भरायचं यावर मी जरा हट्टी आहे. लोणचं, आमसूलं, कोकमाचं आगळ, यातलं काहीही त्यात भरू नका. मेणबत्तीची काच खाण्याचे पदार्थ ठेवण्यासाठी म्हणून बनवलेली नसते, काहींना आतून रंगाचा नाहीतर चकाकीचा थर असतो, त्यात मेणातले रंग आणि सुगंध, आणि वर आपलं मीठ आणि आंबट. शेजारच्या काकूंचं म्हणणं की एवढी सुंदर बरणी आणि लोणच्याला नाही म्हणजे काय, पण लोणच्याला आपल्या चिनीमातीच्या बरण्या आहेतच की. या बरण्यांत कापूर, समईच्या वाती, काडेपेट्या, सुया-दोरे, बटणं, भाजीचं बियाणं, असलं कोरडं सामान ठेवा. काडेपेट्या तर ठेवाच, जुलैच्या दमट हवेत उघड्यावरची काडी ओढली की नुसती घासली जाते, पेटत नाही, घट्ट झाकणाच्या बरणीत ती कोरडी राहते. खोल्यांमधून मी काडेपेटी आणि मेणबत्ती अशीच एका बरणीत ठेवते, अंधारात पाहुण्यांना शोधावी लागत नाही.

परत मेणबत्तीच करायची असेल तर बरणी उजेडात धरून काठ आणि तळ नीट बघा. केसाएवढा तडा किंवा काठाचा टवका उडालेला असेल तर ती मेणबत्तीला वापरायची नाही, ज्योतीची ऊब लागली की तडा वाढतो. बुडाशी मेण उरतं म्हणून कुरकुर करतात लोक, पण ते उरलंच पाहिजे. साधारण अर्धा इंच मेण राहिलं की मेणबत्ती विझवायची असते, शेवटपर्यंत जाळली तर ज्योत थेट तळाशी येते, बरणीचं बूड तापतं आणि तडकतं, टेबलाला डाग पडतो तो वेगळाच. नवीन मेण ओतताना बरणी आधी कोमट करून घ्या, म्हणजे मेण काचेला एकसारखं धरतं, मधे हवेचे पांढरे चट्टे दिसत नाहीत.

मेणाच्या बाबतीत एक कळकळीची विनंती, ते बेसिनमध्ये ओतू नका, गरम पाण्याबरोबर सुद्धा नाही. पुढे पाईपात गार झालं की आत चिकटतं, त्यावर तेल, केस, भात, सगळं बसतं. शहरात निदान प्लंबर लगेच मिळतो. इकडे बऱ्याच घरांचं सांडपाणी माडाच्या आळ्यात नाहीतर केळी-अळवाला जातं किंवा शोषखड्ड्यात मुरतं, आणि जांभ्याच्या शोषखड्ड्यात मेणाचा थर बसला की पाणी मुरायचं थांबतं, भर पावसात खड्डा उपसावा लागतो. बरणी पुसलेले कागद न्हाणीच्या चुलीत घाला, हात आणि टोपाचा काठ आधी कागदाने पुसा, मगच पाण्याला लावा. टोपातल्या पाण्यावर मेण सांडलं असेल तर ते पाणी पूर्ण गार होऊ द्या, वर पापडी धरते, ती उचलून घ्या आणि मग पाणी ओता.

उरलेलं मेण फेकायचं तर नाहीच. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं त्यानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांतून बरेच दिवस लाईट नव्हती, तेव्हा मेणाच्या तुकड्यालाही किंमत होती. एकाच प्रकारचं मेण एकत्र साठवा, पॅराफिनमध्ये सोया आणि त्यात मधमाशीचं असं मिसळलं की वितळायचा अंदाज राहत नाही आणि वात नीट चालत नाही. साधी वडी करून ठेवा. पावसाळ्यात दारं फुगतात, खिडक्या चौकटीत अडकतात, कपाटाचे खण ओढले जात नाहीत, तिथे घासणाऱ्या कडेवर कोरडी पॅराफिनची वडी घासली की लगेच फरक पडतो. बॅगेच्या चेनला, छत्रीच्या दांडीलाही चालते.

आणि सगळ्यात उपयोगाचं, पाणी तापवायची चूल पेटवायला. श्रावणात लाकूड कितीही आत रचून ठेवलं तरी ओलं लागतं, आणि सकाळी पाहुण्यांना आंघोळीला गरम पाणी हवं असतं. सोडणाचा काथ्या मोकळा करून अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात दाबून भरायचा, प्लॅस्टिकचा ट्रे नको, पुठ्ठ्याचाच, आणि वरून वितळलेलं मेण ओतायचं, काथ्या नुसता भिजेल इतकंच, थबथबीत नाही. थिजलं की खळगे कापून वेगळे करायचे. एक तुकडा झावळीच्या हिराखाली ठेवून काडी लावली की बराच वेळ एकसारखा जळतो, तेवढ्यात वरचं ओलसर लाकूड वाळून धरतं, फुंकणी मारत डोळ्यात धूर घ्यावा लागत नाही. मिक्स झालेलं, काळं पडलेलं, काड्यांचे तुकडे पडलेलं, कुठलंही मेण यात खपतं. मात्र सेंटेड मेणाचे तुकडे न्हाणीच्या चुलीलाच वापरा, ज्या चुलीवर भाकरी भाजता किंवा मासा भाजता तिच्यात नको, तो वास अन्नाला लागतो. तयार तुकडे कोरड्या डब्यात ठेवा, आणि तो डबा चुलीच्या कट्ट्यावर नाही, लांब, वळईत.